बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी छोटी कविता लिहायचीय, पण जे लिहितो ते मानपत्रच होतंय

खाजनकाठ
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतात. घरच्याघरीच कार्यक्रम आहे, गोव्यात चोडणला, मांडव घालून साधारण साठ-सत्तर माणसं. शाल-श्रीफळ वगैरे काका बघतायत, आणि माझ्याकडे काम आलंय की बाबांच्या आयुष्यावर एक छोटी कविता लिहून वाचायची. मला कवितेची आवड आहे पण लिहायची सवय नाही, शाळेत असताना दोनचार केल्या होत्या तेवढंच. बाबा १९५० चे, फेरीबोटीवर खलाशी होते, १९७३ ला लागले आणि २००८ ला रिटायर झाले, जास्त करून रायबंदर-चोडण लाईनवरच. काल रात्री बसून हे लिहिलं :

एकोणीसशे पन्नास साली चोडण गावी जन्म झाला
गरिबीशी झुंज देऊनी त्यांनी संसार उभा केला
कष्टाची ती मूर्ती जणू, प्रेमाचा तो सागर
बाबा तुमच्या चरणी अमुचा नमस्कार वारंवार

यमक जुळलंय, खोटं काहीच नाही, तरी वाचल्यावर बाबा कुठेच दिसत नाहीत. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली चांगलं आहे, पण ज्या आवाजात म्हणाली त्यावरून मला कळलं. काय करू सांगा. आठ-दहा ओळींपेक्षा मोठं नकोय.

मोगरा_फोंडा
आधी अभिनंदन बाबांचं! तुमच्या चार ओळी वाईट नाहीत हो, पण एक करून बघा, त्यातलं चोडण काढून तिथे बोरी टाका, पन्नासच्या जागी अठ्ठेचाळीस टाका, आणि माझ्या सासऱ्यांच्या कार्यक्रमात वाचा. एक शब्द बदलायला लागणार नाही, लोक टाळ्या वाजवतील. म्हणजे ती कविता तुमच्या बाबांची नाहीच ना. शेजारच्याला दिली तर त्याला घट्ट झाली पाहिजे, किंवा ढगळ झाली पाहिजे, तेव्हा ती ह्या माणसाच्या मापाची म्हणायची.

सासष्टीतला_मास्तर
मोगरा यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवली आणि निरोप समारंभासाठी किती कविता तपासल्या त्याला मोजमाप नाही, सगळ्यांत ज्ञानाचा सागर, मायेची सावली, दीपस्तंभ. मुलांचा दोष नाही, कविता म्हटली की हे शब्द आपोआप हातात येतात, देवळात गेलो की हात जोडले जातात तसे. मुलांना मी एकच सांगायचो, बाईंबद्दल मोठं काही लिहू नका, बाई फळा कशा पुसतात ते लिहा. मग एक मुलगी लिहून आली की बाई डस्टर वापरत नाहीत, पदराच्या टोकानं पुसतात आणि मग दिवसभर त्यांच्या पदराला पांढरा पट्टा असतो. वाचल्यावर स्टाफरूममध्ये सगळे गप्प झाले, कारण सगळ्यांनी तो पट्टा रोज पाहिला होता पण कुणी बोललं नव्हतं.

तुम्हाला मी तीन गोष्टी विचारतो, कविता बाजूला ठेवून साध्या भाषेत उत्तर द्या. बाबांचे हात काय करायचे? कुठला शब्द किंवा वाक्य फक्त तेच बोलतात? आणि रिटायर झाल्यावरही कुठली सवय सुटली नाही?

आर्या_वेडा
थोडं वृत्ताबद्दल. आधी साचा ठरवा, त्याने खूप मदत होते, कारण साचा लहान असला की फालतू शब्द आपणच बाहेर काढतो. आर्या सुंदर पण मात्रा मोजाव्या लागतात, १२, १८, १२, १५, नवीन माणसाला जड जाते. माझं मत, अभंग घ्या. मोठा अभंग म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. लघु-गुरू बघायचं नाही, नुसती अक्षरं बोटावर मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. ते शेवटचं चार अक्षरी चरण फार कामाचं आहे, श्वास तिथे तुटतो, म्हणून जे मनात राहायला हवं ते तिथे ठेवायचं. आणि साठ-सत्तर माणसांसमोर वाचायचं असेल तर अभंगाची चाल सगळ्यांच्या कानात बसलेलीच असते, गोव्यात तर भजन घराघरात आहे.

पुणेकर_मूळ_डिचोली
इंग्रजीत यासाठी एक खास प्रकार आहे, क्लेरिह्यू म्हणतात. एडमंड क्लेरिह्यू बेंटली नावाच्या लेखकाचा, त्याने तो शाळेत असताना सुरू केला, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीवर चार ओळी लिहून, आणि १९०५ मध्ये अशा कवितांचं त्याचं पुस्तक आलं. नियम सोपे आहेत : चार ओळी, पहिल्या ओळीत माणसाचं नाव, पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी यमकात, आणि ओळींची लांबी मुद्दाम वेडीवाकडी ठेवायची. पण तो गमतीचा प्रकार आहे, मोठ्या माणसाची थोडी टोपी उडवायची असते, वडिलांच्या पंच्याहत्तरीला मला तरी तो चालेल असं वाटत नाही. त्यातलं घेण्यासारखं म्हणजे नाव पहिल्याच ओळीत आणि पूर्ण आयुष्य सांगायचा हट्ट नाही.

मोगरा_फोंडा
अहो मग तो आपला उखाणाच की! दोन ओळी, नाव आत, यमक, आणि एखादी गोष्ट जी त्या माणसाला लागू. आजी आजोबांचं नाव घेताना त्यांच्या खांद्यावरच्या पंच्याचा उल्लेख करायची, गावात सगळे त्यांना पंच्यावरूनच ओळखायचे. मग पाळणाही आलाच, पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी करत बारा दिवसांत अख्खं चरित्र. आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या माणसांवर छोट्या कविता करतायत, जात्यावरच्या ओव्यांत भाऊ कसा आला, कुठल्या वाटेनं आला, घोड्यावर कसा बसला हे सगळं असतं, फक्त त्याला कुणी चरित्र म्हणत नाही.

खाजनकाठ
सगळ्यांचे आभार, इतकं कुणी लिहील वाटलं नव्हतं. मास्तरांच्या प्रश्नांची उत्तरं देतो, जरा लांब होईल.

हात. बाबांच्या उजव्या तळव्यावर आडवी एक टणक रेघ आहे, दोरीने पडलेली. बोट धक्क्याला लागताना दोरी फेकून खांबाला अडकवायची, मग रॅम्प खाली, आधी चालणारी माणसं मग स्कूटरी मग गाड्या. ते खांबाला दोन वेढे देऊन टोक खालून ओढून घेतात, एका झटक्यात बसतं आणि एका झटक्यात सुटतं. घरात सगळीकडे तीच गाठ आहे, पडद्याला, म्हशीच्या दाव्याला, भाताच्या पोत्याला, पावसाळ्यात ताडपत्रीला. आम्हाला भावंडांना लहानपणी बुटाची लेस बांधायला शिकवलं तेही तसंच काहीतरी, शाळेत बाईंनी परत शिकवलं.

वाक्य. रात्रीची शेवटची बोट सुटायच्या आधी ते दोरी हातात धरून थांबायचे. रस्त्याकडे बघायचे, कुठे स्कूटरचा दिवा हलताना दिसला की आत ओरडून सांगायचे "रांव रे, कोण तरी येता", म्हणजे थांब रे, कुणीतरी येतंय. मी लहान असताना त्यांच्याबरोबर खूपदा शेवटच्या बोटीनं आलोय, कधी कधी तो दिवा दुसऱ्याच वाटेनं निघून जायचा, मग सोडायचे. शेवटची बोट चुकली की माणसाला लांबून वळसा घालून यावं लागतं किंवा धक्क्यावरच रात्र काढावी लागते हे त्यांना माहीत होतं.

सवय. आता ते बोटीत प्रवासी म्हणून चढतात तरी सीटवर बसत नाहीत, पुढे रॅम्पजवळ उभे. आणि आधी पाणी बघतात, भरती आहे की ओहोटी, मग बाकीच्या माणसांकडे बघतात.

अजून एक, मांडवीचा पूल पडला तेव्हा, १९८६, त्यांना पणजी-बेती लाईनवर घातलं होतं. त्याच आठवड्यात ताईचा जन्म झाला, आई माहेरी वाळपईला होती. ताईचं तोंड त्यांनी नऊ दिवसांनी पाहिलं असं घरात सांगतात.

पेडण्याची_पोर
हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कविता तर झाली की हो तुमची, फक्त मोडून ओळी करायच्यात.

सासष्टीतला_मास्तर
आता पहिल्या चार ओळी आणि ही पोस्ट शेजारी ठेवून वाचा. पहिल्या ओळींत "कष्टाची मूर्ती" होती, आता तळव्यावरची रेघ आहे. "प्रेमाचा सागर" होता, आता हातात दोरी धरून लांबच्या दिव्याकडे बघणारा माणूस आहे. कष्ट आणि प्रेम हे शब्द न वापरता दोन्ही आले.

नामदेवांनी ज्ञानेश्वरांच्या समाधीचे अभंग लिहिले ते ह्यासाठी परत परत वाचावेत. १२९६ सालची घटना, अख्खा वारकरी संप्रदाय ज्याच्यावर उभा आहे असा माणूस समाधी घेतोय, तिथे नामदेव काय दाखवतात तर देव आणि निवृत्तिनाथ यांनी ज्ञानेश्वरांचे दोन्ही हात धरलेत आणि त्यांना घेऊन चाललेत. धाकट्या भावाचा हात मोठ्या भावाच्या हातात. सातशे वर्षं होऊन गेली तरी वाचताना आपला गळा दाटतो तो त्या हातांमुळे. आणि आपल्या गोव्यातही ओवीत चरित्र लिहायची रीत जुनी आहे, फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओव्यांत लिहिलं ते १६१६ ला राशोलला छापलं गेलं. हजारो ओव्यांचं काम आहे ते, तुम्हाला पाचच कडवी करायचीत.

आर्या_वेडा
खाजनकाठ, आज रात्री एकच कडवं करा. दोरी आणि दिवा. ६-६-६-४. मोजून इथे टाका.

खाजनकाठ
तीन तास गेले, पण हे जमलं असं वाटतंय :

दोरी सोडण्याला | हात थांबे क्षण ||
येते आहे कोण | पलीकडे ||

आर्या_वेडा
वा! मोजलं, बरोबर आहे. क्षण आणि कोण यमक थोडं सैल आहे पण अभंगात चालतं, कानाला खटकत नाही. "पलीकडे" चार अक्षरांत एकदम उघडतं, पाण्याच्या, अंधाराच्या, कशाच्याही पलीकडे. आता पुढची.

माशेलचा_पाऊस
मी आत्ताच धागा बघितला. मला वाटतं पुलाचं कडवं हवंच, आणि साल घालूनच हवं. ५ जुलै १९८६. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, जून नुकताच संपलेला, धो धो पाऊस, आणि पणजी आणि बार्देश एकदम लांब गेले. बेतीच्या धक्क्यावर जी रांग असायची ती विसरता येणार नाही, छत्र्या, ऑफिसला जाणारी माणसं, मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं, सगळी एकाच बोटीची वाट बघत. आमच्या मामाचं तेव्हा म्हापशात दुकान होतं, तो रोज माल बोटीवरून न्यायचा. त्या दिवसांत खलाशांनी किती खेपा केल्या ते कुणी कुठे लिहून ठेवलं असेल का माहीत नाही, कविता लिहिणाऱ्यानेच लिहायचं.

मोगरा_फोंडा
साल नको असं माझं मत. साल घातलं की परत मानपत्र सुरू होतं. जन्म अमुक, नोकरी अमुक.

माशेलचा_पाऊस
मोगराताई, जन्माचं साल नको ते मलाही पटतं. पण हे साल वेगळं आहे, ह्याच्यात अख्खा गोवा आहे. मांडवात बसलेली साठीच्या पुढची सगळी माणसं "शहाऐंशी" ऐकलं की स्वतः त्या रांगेत जाऊन उभी राहतील. एका माणसाचं आयुष्य आणि सगळ्यांचं आयुष्य जिथे एकमेकाला लागतं ते साल ठेवायला हवं.

मोगरा_फोंडा
हे मी मान्य करते. एकच साल, आणि ते सगळ्यांचं.

खाजनकाठ
दोघांचं वाचून हे केलं, दोन कडवी :

शहाऐंशी साली | पूल कोसळला ||
लेकीला दिसला | नऊ दिसां ||

गाठ तीच दारी | गाठ तीच गुरां ||
आमच्याही घरा | तीच गाठ ||

"नऊ दिसां" म्हणजे नऊ दिवसांनी असं म्हणायचंय, चालेल का?

पेडण्याची_पोर
"आमच्याही घरा तीच गाठ" वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. एका झटक्यात बसते असं तुम्ही लिहिलं होतं, आणि पस्तीस वर्षं घर धरून राहिली.

आर्या_वेडा
गाठीचं कडवं हलवू नका, एक अक्षरही नाही. "नऊ दिसां" जुन्या अभंगाच्या वळणाचं आहे, चालेल, पण मला ते जरा ओढून आणल्यासारखं वाटतं. दुसरं काही चार अक्षरी सुचतंय का बघा.

सासष्टीतला_मास्तर
एक सूचना, जरा कडक वाटेल. "घरात सांगतात" असं तुम्ही लिहिलं होतं. घरात सांगितलेल्या गोष्टी वर्षानुवर्षं सांगून गोल होतात. ज्या माणसावर लिहिताय तो समोर बसलेला असणार, त्याला आपल्या लेकीचा दिवस पक्का माहीत आहे. कविता म्हणून आकडा सैल सोडू नका. आईला विचारा.

खाजनकाठ
मास्तर, बरं झालं विचारायला लावलं. आईला आज सकाळी सहज म्हणून विचारलं, ताई झाली तेव्हा बाबा कधी आले गं वाळपईला. म्हणाली नऊ दिवस कुणी सांगितलं, बारशालाच आले, थेट बाराव्या दिवशी. सकाळी न्हाणं झालं, पाळणा बांधून झाला, आजोबा म्हणत होते आता वाट बघू नका नाव ठेवून घ्या, आणि मामी म्हणाली थोडं थांबू या, कोण तरी येतंय रस्त्यावरून, छत्री दिसतेय. ते बाबाच होते. घरी न जाता रात्रपाळी करून तसेच बसने आले होते, अंगावर तोच ड्रेस, आणि पाळण्याची एका बाजूची दोरी सैल होती ती त्यांनी आधी बांधली मग मुलीला घेतलं. हे मला छत्तीस वर्षांच्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. आई सांगताना हसत होती आणि मी तिथे उभा राहून नुसता ऐकत होतो.

मोगरा_फोंडा
"कोण तरी येतंय." अहो!! ते ज्यांच्यासाठी थांबायचे तसे कुणीतरी त्यांच्यासाठी थांबलं.

आर्या_वेडा
आणि "बारशाला" चार अक्षरं आहेत.

खाजनकाठ
हो, तेच बघून मला शहारा आला.

शहाऐंशी साली | पूल कोसळला ||
लेकीला दिसला | बारशाला ||

आता पुढची दोन :

आता तो प्रवासी | तरी उभा पुढे ||
पाहे पाण्याकडे | भरती का ||

रांव, कोण येता | म्हणे अंधारात ||
दोरीवर हात | अजूनही ||

पुणेकर_मूळ_डिचोली
खूप छान झालीय. दोन शंका, राग नसावा. एक, वडिलांना "तो" म्हटलंय, मांडवात वडीलधारी माणसं असतील, कुणाला खटकेल का? दोन, शेवटच्या कडव्यात कोंकणी आलीय, बाकी सगळी मराठी. मिसळ वाटते का?

खाजनकाठ
घरी आम्ही कोंकणीच बोलतो आणि बाबांना "तूं"च म्हणतो, चोडणात सगळे तसंच बोलतात. वाचन-लिखाण मात्र मराठीत, बाबा पेपरही मराठी वाचतात, पोथी मराठी. त्यामुळे मला "ते" लिहिताना बाबा एकदम ऑफिसातले कुणी साहेब वाटायला लागतात.

सासष्टीतला_मास्तर
"तो" अजिबात बदलू नका. अभंगात विठ्ठलालाही आपण अहो-जाहो करत नाही, तिथे "तो" मध्ये जवळीक आणि मान दोन्ही असतात. आणि कोंकणी ओळीबद्दल, ती बाबांच्या तोंडची आहे, तिचं मराठी केलं तर बोलणारा माणूस बदलेल. गोव्यातला माणूस देवापुढे मराठी अभंग म्हणतो आणि मागे वळून पोराला कोंकणीत हाक मारतो, दोन्ही त्याचंच. कवी बाकीबाब बोरकर दोन्ही भाषांत लिहीत होते आणि दोन्हीकडे आपले वाटतात. कविता जशी घरात बोलली जाते तशी राहू द्या.

पण मला दुसरी अडचण दिसते. "कोण येता" म्हटलं की प्रश्न होतो, कोण येतंय? तुमचे बाबा प्रश्न विचारत नव्हते, ते खात्रीनं सांगत होते की कुणीतरी येतंय, थांबा. "तरी" गाळलात आणि अर्थ उलटा झाला.

आर्या_वेडा
मास्तर, हे मी सोडून दिलं असतं, अक्षरं बरोबर होती म्हणून. पण बघा, को-ण-त-री-ये-ता. सहा! "रांव" काढलं तर पूर्ण वाक्य जसंच्या तसं बसतं.

खाजनकाठ
आणि "रांव" काढलं तरी चालतं कारण पहिल्या कडव्यात हात थांबलेलाच आहे. आता सगळी एकत्र टाकतो :

दोरी सोडण्याला | हात थांबे क्षण ||
येते आहे कोण | पलीकडे ||

शहाऐंशी साली | पूल कोसळला ||
लेकीला दिसला | बारशाला ||

गाठ तीच दारी | गाठ तीच गुरां ||
आमच्याही घरा | तीच गाठ ||

आता तो प्रवासी | तरी उभा पुढे ||
पाहे पाण्याकडे | भरती का ||

कोण तरी येता | म्हणे अंधारात ||
दोरीवर हात | अजूनही ||

माशेलचा_पाऊस
एक प्रश्न, नाव कुठेच नाही. चालेल?

मोगरा_फोंडा
मांडवात माणूस समोर बसलेला आहे, नाव कशाला. वाचताना सगळे त्यांच्या हाताकडे बघणार.

आर्या_वेडा
वाचायचं कसं तेही सांगतो. सावकाश. प्रत्येक कडव्याच्या चार अक्षरांआधी जरा थांबा, "बारशाला" च्या आधी तर नक्कीच. माईक असेल तर तोंडाला चिकटवू नका. आणि आधी प्रस्तावना करू नका की मी कवी नाही वगैरे, सरळ पहिली ओळ घ्या. फेरीबोट काय असते ते गोव्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

पुणेकर_मूळ_डिचोली
पुण्यात मात्र समजवावं लागेल. कार्यक्रम झाला की कळवा.

खाजनकाठ
(जवळजवळ महिन्याने लिहितोय.) काल कार्यक्रम झाला. पाऊस नव्हता. मी वाचायचं ठरलं होतं पण आयत्या वेळी ताई म्हणाली मी वाचते, मी कागद तिला दिला. तिला बारशाची गोष्ट माहीत नव्हती, मी मुद्दाम सांगितली नव्हती. "लेकीला दिसला" म्हणून ती थांबली, पुढचं चरण डोळ्यांनी वाचलं, आणि मग बराच वेळ आवाजच निघेना. मागून मामी, आता ऐंशीच्या पुढे आहे, ती मोठ्यानं म्हणाली "बारशाक आयिल्लो, छत्री घेवन." सगळा मांडव हलला. मग ताईनं पुढचं वाचलं.

बाबा काही बोलले नाहीत. शाल मांडीवर, हात शालीवर. शेवटी कागद मागून घेतला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. जेवणं झाल्यावर मात्र नातवंडांना अंगणात बोलावलं, मांडवाच्या खांबाला दोरीचे दोन वेढे दिले आणि गाठ कशी मारायची ते एकेकाला दाखवत बसले, माझ्या धाकट्याला जमेना तर त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन दाखवलं. मास्तर, मला तुमचे नामदेव आठवले.

आज सकाळी आईनं सांगितलं की रात्री झोपताना त्यांनी तिला एवढंच विचारलं, त्याला बारशाचं कुणी सांगितलं.

सासष्टीतला_मास्तर
वाचलं. दोनदा वाचलं. ती गाठ मारतानाचा एखादा फोटो असेल तर घरात लावा.

पेडण्याची_पोर
मी इतके दिवस नुसती वाचत होते. आता मला माझ्या आत्यावर लिहायचंय, ती देवळाबाहेर फुलं विकते, चाळीस वर्षं. काल तिच्याजवळ जाऊन बसले आणि हातांकडे बघितलं. सुई वापरत नाही, केळीचा दोर ओला करून जायांची फाती, म्हणजे जाईच्या फुलांचे गजरे करते, आणि बोलताना मान वर करून समोरच्याकडे बघते तरी बोटं थांबत नाहीत. दोर कोरडा पडला की पाण्यात नाही बुडवत, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते, म्हणाली पाण्यात बुडवला तर फुलं काळी पडतात. तीन चरण झालेत :

केळीचा तो दोर | जाया ओल्या ओल्या ||
सांजेला गुंफिल्या |

चौथं अडलंय. चार अक्षरं हवीत. "देवासाठी" सुचलं होतं पण ते शेजारणीलाही बसेल.

आर्या_वेडा
"देवासाठी" नको, बरोबर ओळखलंत. गुंफताना ती काय बघत असते?

पेडण्याची_पोर
माणसांकडे. कोण बाई आज आली नाही ते तिला कळतं. उद्या परत जाऊन बसते.